पानाचं टोक, कड आणि मधला डाग: तपकिरी रंगाची कारणं वेगवेगळी असतात का?

खिडकीतली बाग

घरात ठेवलेल्या चार कुंड्यांतली पानं तपकिरी पडत आहेत, पण प्रत्येक झाडावर प्रकार वेगळा दिसतोय. म्हणून नोंदी वेगवेगळ्या देतो.

1) ड्रॅसिना, पट्ट्यांच्या पानांचा, 8 इंची प्लास्टिकची कुंडी. फक्त पानांची टोकं गेली आहेत, एक-दीड सेंटिमीटर. तपकिरी भाग आणि हिरवा भाग यांच्यामध्ये बारीक पिवळी रेघ. मातीवर आणि कुंडीच्या काठाला पांढरट थर.

2) पीस लिली, 6 इंची कुंडी. माती ओली असतानाही पानं मान टाकतात. खालची पानं आधी पिवळी, मग काळपट तपकिरी आणि मऊ होतात.

3) कलाथिया. कडा कुरकुरीत, पानं सुरळीसारखी वळतात. पानाच्या पाठीवर धुळीसारखे बारीक कण दिसतात.

4) रबर प्लांट, 15 दिवसांपूर्वी खिडकीला लागून ठेवला. वरच्या तीन पानांवर मधोमध आधी फिकट, आता तपकिरी, कागदासारखे वाळलेले चट्टे. खालची पानं व्यवस्थित.

पाणी नळाचं, रात्रभर बादलीत भरून ठेवलेलं, चारही कुंड्यांना दर तिसऱ्या दिवशी एक मग. बशीत साचलेलं तसंच राहतं. खत 19:19:19, लिटरला 3 ग्रॅम, दर 15 दिवसांनी. मिश्रण कोकोपीट, माती आणि गांडूळखत सारख्या प्रमाणात.

पाणी वाढवायचं की कमी करायचं? आणि तपकिरी झालेली पानं कापायची का?

---

मूळरोम

पाण्याचा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. या चार झाडांपैकी पीस लिलीला पाणी जास्त झालंय, ड्रॅसिनाला उलट एकदा भरपूर पाण्याने धुवायला हवंय, आणि बाकी दोघांचं दुखणं पाण्याच्या मापात नाहीच. चौघांना एकच वेळापत्रक लावलं की असंच होतं.

मी ड्रॅसिनाबद्दल लिहितो. मुळांनी ओढलेलं पाणी पानात चढतं आणि पर्णरंध्रांतून वाफ होऊन निघून जातं. त्यात विरघळलेले क्षार मात्र वाफ होत नाहीत, ते पानातच राहतात. पाण्याचा प्रवास जिथे संपतो, म्हणजे टोकाला आणि कडेला, तिथे ते साठत जातात. साठा पेशींना सोसेनासा झाला की तेवढा भाग मरतो. ड्रॅसिना, स्पायडर प्लांट, कलाथिया या झाडांना यातला फ्लोराइड विशेष बाधतो. टोक मेलेलं आणि मध्ये पिवळी रेघ, ही बहुतेक वेळा क्षारांची किंवा फ्लोराइडची खूण असते. मातीवरचा पांढरा थर त्याला दुजोरा देतो.

पाणी रात्रभर भरून ठेवल्याने क्लोरीन बराचसा उडून जातो. फ्लोराइड उडत नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियमही उडत नाही. उलट भांडं दोन-तीन दिवस उघडं राहिलं तर पाणी आटून उरलेल्यात त्यांचं प्रमाण किंचित वाढतंच. आणि जिथे पाणी शुद्ध करायला क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) वापरतात तिथे तोही सहज उडत नाही. नळाच्या पाण्यात असतो तेवढा क्लोरीन टोकं जाळण्याइतका नसतोच, त्यामुळे रात्रभर ठेवण्याचा उपयोग इतकाच की पाणी खोलीच्या तापमानाला येतं.

आता तुमचं खत. 19:19:19 मध्ये नत्र 19 टक्के. लिटरला 1 ग्रॅम घातलं तर पाण्यात नत्र होतं 190 पीपीएम (दहा लाख भागांत 190 भाग). तुम्ही 3 ग्रॅम घालता, म्हणजे 570. खिडकीपासून दूर, मंद उजेडात हळूहळू वाढणारं झाड हे वापरूच शकत नाही. न वापरलेलं सगळं कुंडीत साठतं. त्यावर एकेक मग पाणी, म्हणजे कुंडीच्या तळातून क्षार बाहेर पडायला वाटच नाही. आणि जे थोडं बाहेर येतं ते बशीत थांबून पुन्हा वर शोषलं जातं.

करायचं काय:

मातीवरचा पांढरा थर चमच्याने अलगद खरवडा, 5 मिलिमीटरपेक्षा खोल नको, वरची बारीक मुळं दुखावतात. मग कुंडी न्हाणीघरात किंवा सिंकमध्ये ठेवा. 8 इंची कुंडीत साधारण 4 ते 5 लिटर मिश्रण मावतं, त्याच्या दुप्पट पाणी लागेल, म्हणजे 8 ते 10 लिटर. एकदम ओतू नका. तीन-चार फेऱ्या करा, दोन फेऱ्यांमध्ये 15-20 मिनिटं जाऊ द्या, कारण मधल्या वेळात मातीच्या कणांवर बसलेले क्षार विरघळतात. पाणी एका जागी न ओतता सगळीकडून फिरवून घाला. शेवटची फेरी झाली की अर्धा तास निथळू द्या. पुढचा महिनाभर खत बंद. नंतर सुरू कराल तेव्हा लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही नवी पानं फुटत असतील तरच. माती सुकी असताना खताचं पाणी कधीही घालू नका, आधी साधं पाणी, मग खत.

टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण दाखवणारं यंत्र) असेल तर अंदाज लावत बसायला नको. कुंडीला नेहमीसारखं भरपूर पाणी द्या, तासभर थांबा. मग वरून हळूहळू थोडं पाणी घाला आणि तळातून येणारं पहिलं 50 मिलिलिटर पाणी वाटीत धरा. ते मोजा, आणि नळाचंही मोजा.

पाणी बदलता येत असेल तर पावसाचं किंवा आरओचं चांगलं. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं वाया पाणी मात्र अजिबात घालू नका, त्यात क्षार नळाच्या पाण्यापेक्षाही जास्त असतात. शुद्ध आरओ पाणी कायम वापरलं तर कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी पडतं, म्हणून नळाचं निम्मं आणि आरओ निम्मं हा मध्यम मार्ग बरा. मीठ घालून पाणी मऊ करणारं यंत्र घरात असेल तर त्यातलं पाणी टाळा, त्यात सोडियम असतो. आणि ड्रॅसिनासाठी सुपरफॉस्फेट नको, त्यात फ्लोराइड असतो. मातीचा पीएच 6 ते 6.5 राहिला तर ड्रॅसिनाची मुळं फ्लोराइड कमी घेतात. मिश्रण जास्त आम्ल झालं की तोच फ्लोराइड जास्त विरघळतो.

---

ओला कोपरा

पीस लिली तातडीची आहे, तिच्याकडे आजच बघा. माती ओली आणि पानं मलूल, ही जोडी दिसली की मुळं गेली असं समजून चालायचं.

मुळांनाही श्वासाला ऑक्सिजन लागतो. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट हळू पसरतो. मिश्रणातल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळांवर पिथियम, फायटोफ्थोरा अशा मुळकुजीच्या जंतूंचा हल्ला होतो. मुळं मेली की पाणी वर चढत नाही. पान तहानलेलंच राहतं. ते बघून माणूस आणखी पाणी घालतो, आणि झाड तिथेच संपतं.

कुंडी आडवी करून बाजूंनी हलके दाबा, झाडाचा बुंधा धरून गड्डा बाहेर काढा. ओढू नका. मिश्रण हाताने मोकळं करून मुळं साध्या पाण्याखाली धुवा. आता एकेक मूळ बोटांत धरून बघा. चांगलं मूळ पांढरं किंवा फिकट बदामी, टणक, वाकवलं तर ताठरपणा जाणवणारं. कुजलेलं तपकिरी-काळं, बिळबिळीत. चिमटीत धरून खाली ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत केसासारखा धागा तेवढा उरतो. वास गटारासारखा. नुसत्या रंगावर जाऊ नका, काही मुळं मिश्रणाच्या रंगाने तपकिरी दिसतात पण टणक असतात. साल सुटते का, ही खरी परीक्षा.

कुजलेलं सगळं चांगल्या भागापर्यंत कापा. कात्री 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, आणि मऊ मूळ कापल्यावर प्रत्येक वेळी पुन्हा पुसा. जुनं मिश्रण दुसऱ्या कुंडीत वापरू नका. कुंडी तीच हवी असेल तर साबणाने घासून धुवा.

नवी कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाची, पानांच्या मापाची नव्हे. निम्मी मुळं गेली असतील तर 6 इंचीऐवजी 4 इंची घ्या. मोठ्या कुंडीत ज्या मिश्रणापर्यंत मुळं पोचत नाहीत ते दिवसेंदिवस ओलं राहतं. मिश्रण: धुतलेलं कोकोपीट 2 भाग, परलाइट (फुगवलेल्या ज्वालामुखी काचेचे हलके पांढरे दाणे) 1 भाग, झाडाच्या सालीचे 1 सेंटिमीटरचे तुकडे 1 भाग, गांडूळखत अर्धा भाग. बागेची माती घालू नका, कुंडीत ती दबून घट्ट होते. गांडूळखत जास्त झालं तरी बारीक कण पोकळ्या बुजवतात. तुमच्या मिश्रणात एक तृतीयांश माती आणि एक तृतीयांश गांडूळखत आहे, निचरा तिथेच अडलाय.

लावल्यावर एकदा पाणी, मग वरचा 1 इंच सुकेपर्यंत काही नाही. खत 4 ते 6 आठवडे नाही. थेट ऊन नाही. मुळं फारच कमी उरली असतील तर वरून पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैलसर घाला आणि दिवसातून 10 मिनिटं उघडा. पानांतून जाणारं पाणी कमी होतं, तेवढा वेळ मुळांना मिळतो.

बशीतलं पाणी 20-30 मिनिटांनी ओतून टाकायचं. आणि कुंडीच्या तळाला खडे किंवा विटांचे तुकडे घालू नका. निचरा त्याने सुधारत नाही. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही, ते खड्यांच्या वर अडून बसतं. तळाशी साचणारा ओला थर जातच नाही, फक्त खड्यांच्या उंचीएवढा वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकातून माती जाऊ नये म्हणून जाळीचा तुकडा पुरतो.

---

पर्णरंध्र

कलाथियाच्या कडा कुरकुरीत झाल्या की सगळे दमटपणा कमी आहे असं सांगतात. तेही कारण असेल, पण पाठीवरचे "धुळीसारखे कण" हे शब्द मला जास्त महत्त्वाचे वाटतात. धूळ पानाच्या वरच्या बाजूला बसते, पाठीवर नाही.

पांढरा कागद पानाखाली धरून पानावर टिचकी मारा. कागदावर मिरीच्या पुडीसारखे ठिपके पडतील. मिनिटभर बघत राहा. ठिपके चालायला लागले तर तो लाल कोळी. कागदावर बोट ओढल्यावर हिरवट किंवा तांबूस रेघ उमटली तर शंकाच नको. पान उजेडासमोर धरा, कोळ्याने रस शोषलेल्या जागी सुईने टोचल्यासारखे असंख्य फिकट टिंब दिसतात, आणि प्रादुर्भाव वाढला असेल तर देठ आणि पान जुळतात तिथे बारीक जाळं.

कोरड्या, उबदार हवेत हा झपाट्याने वाढतो, अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठवडाभर पुरतो. म्हणून एकदा फवारून थांबलं की अंड्यांतून नवी पिढी येते आणि लोकांना वाटतं औषधच चाललं नाही.

आधी पाणी. कुंडीच्या मातीवर पिशवी बांधा, झाड तिरकं धरून पानांच्या पाठी कोमट पाण्याच्या धारेने धुवा. बराचसा कोळी नुसत्या धुण्याने जातो. पानं निथळली की फवारा: 1 लिटर कोमट पाण्यात आधी सौम्य द्रव साबण 1 ते 2 मिलिलिटर ढवळा, मग त्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल. हा क्रम उलटा केला तर तेल पाण्यावर तरंगतं आणि शेवटच्या फवाऱ्यात निव्वळ तेल जाऊन पान भाजतं. फवारताना बाटली हलवत राहा. मिश्रण त्याच दिवशी संपवा. कलाथियाचं पान नाजूक असतं, एका पानावर फवारून 24 तास थांबा, मग बाकी झाड. संध्याकाळी फवारा आणि ओलं असताना उन्हात ठेवू नका. 5 ते 7 दिवसांच्या अंतराने किमान तीन वेळा, कोळी दिसेनासा झाला तरी. शेजारच्या कुंड्याही तपासा.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. कोळी हा कीटक नाही, आठ पायांचा प्राणी आहे. कीटकांसाठीचं कुठलंही औषध आणून मारलं तर बहुतेक वेळा उपयोग होत नाही, आणि कोळ्याला खाणारे जीव मात्र मरतात. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकानंतर कोळी वाढल्याचं अनेक पिकांत नोंदलेलं आहे.

दमटपणाबद्दल: कलाथियाला 50 ते 60 टक्के मानवतो. साधा आर्द्रतामापक झाडाशेजारी ठेवून आकडा बघा. पानांवर स्प्रे मारल्याने दमटपणा वाढतो तो काही मिनिटांपुरता. दिवसातून दोनदा स्प्रे मारून कडा वाचत नाहीत, उलट पानं ओली राहून डाग पडायला वाव मिळतो. खड्यांची पाणी भरलेली बशी थोडाफार फरक करते, झाडं एकत्र ठेवली तर त्याहून थोडा जास्त. खरा फरक ह्युमिडिफायरने किंवा झाड काचेच्या बंदिस्त जागेत ठेवल्याने पडतो. एसीचा किंवा हीटरचा झोत अंगावर येत असेल तर बाकी काही करण्याआधी कुंडीची जागा बदला.

---

मूळरोम

रबर प्लांटचं थोडक्यात. चट्टे फक्त वरच्या, काचेकडे तोंड असलेल्या पानांवर, आधी फिकट मग तपकिरी, आणि जागा बदलल्यानंतर सुरू झाले. हा उन्हाचा चटका. सावलीत तयार झालेल्या पानाला एकदम थेट ऊन सोसत नाही. रबर प्लांटला ऊन चालतं, पण सवय लावावी लागते. काचेपासून 1 ते दीड मीटर मागे घ्या, किंवा मध्ये पातळ पडदा लावा. मग पहिल्या दिवसांत सकाळचं अर्धा तास कोवळं ऊन, आणि 7 ते 10 दिवसांत हळूहळू वाढवत न्या. भाजलेली पानं तशीच राहतील, नवीन पान उन्हात वाढलं की त्याला काही होणार नाही. या चट्ट्यांसाठी पाण्यात किंवा खतात काही बदलायची गरज नाही.

ओला कोपरा, पीस लिलीला परलाइट सुचवलंत. त्यात थोडा फ्लोराइड असतो, आणि पीस लिलीची टोकंही त्याने जातात.

---

ओला कोपरा

बरोबर. परलाइट चाळणीत घालून दोन-तीन पाण्यांनी धुतलं तर बारीक भुकटीही जाते आणि विरघळणारा फ्लोराइडही बराच जातो. पण कुजलेल्या मुळांना आत्ता हवा मिळणं जास्त गरजेचं आहे, टोकांचा प्रश्न नंतरचा. ड्रॅसिनाची कुंडी बदलाल तेव्हा मात्र परलाइटऐवजी प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) किंवा 2 ते 4 मिलिमीटरची जाड वाळू घ्या. जाड म्हणजे खरोखर जाड, बारीक वाळूने निचरा सुधारत नाही, बिघडतो.

---

खिडकीतली बाग

सांगितल्याप्रमाणे तपासलं.

पीस लिली: निम्म्याहून जास्त मुळं तपकिरी, साल सुटून धागा उरतो. कापून 4 इंची कुंडीत लावली.

कलाथिया: कागदावरचे ठिपके चालतात, बोट ओढल्यावर तांबूस रेघ. पहिली फवारणी एका पानावर केली आहे.

ड्रॅसिना: नळाचं पाणी 310 पीपीएम, कुंडीतून आलेलं 1900.

आता तीन प्रश्न. एक, तपकिरी टोकं कशी कापायची? दोन, मनी प्लांटच्या दोन पानांवर गोल तपकिरी डाग आहेत, भोवती पिवळं कडं, हे काय? तीन, पाणी द्यायची वेळ झाली हे दिवस न मोजता कसं ओळखायचं?

---

मूळरोम

1900 पीपीएम म्हणजे बहुतेक मीटरच्या मापाने ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, क्षार जास्त तितकी जास्त) साधारण 3.8. हलक्या खतावर वाढणाऱ्या घरातल्या झाडांना या पद्धतीने मोजलेला अडीचच्या पुढचा आकडा जड जातो. धुऊन झाल्यावर पुन्हा मोजा. 800-900 च्या खाली आला नाही तर दोन दिवसांनी आणखी एकदा धुवा. त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी एकदा.

धुण्याचा उपाय फक्त ड्रॅसिनाला. पीस लिलीवर हा प्रयोग करू नका, तिची मुळं आत्ता 10 लिटर पाणी झेलू शकत नाहीत. तिचे क्षार जुन्या मिश्रणाबरोबर गेलेच आहेत.

तपकिरी भाग पुन्हा हिरवा होत नाही, त्या पेशी मेलेल्या असतात. कापणं हे फक्त दिसण्यासाठी. धारदार कात्री अल्कोहोलने पुसा आणि पानाच्या मूळ आकाराप्रमाणे निमुळतं कापा, ड्रॅसिनाला दोन्ही बाजूंनी तिरका छेद. महत्त्वाचं म्हणजे तपकिरी भागाची केसाएवढी किनार, एखादा मिलिमीटर, मागे ठेवा. हिरव्यात कापलं तर ती ताजी जखम होते आणि कड पुन्हा तपकिरी पडते. पान निम्म्याहून जास्त हिरवं असेल तर राहू द्या, ते अजून झाडाला अन्न देतंय. पूर्ण पिवळं झालेलं देठापासून काढा. एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त पानं काढू नका.

---

पर्णरंध्र

मनी प्लांटचा डाग: पिवळं कडं आलं की बहुतेक वेळा बुरशी किंवा जिवाणू, दोन्हीपैकी एक. पान उजेडासमोर धरा. डाग कोरडा, कागदासारखा, आत एकात एक वर्तुळं किंवा काळे बारीक ठिपके असतील तर बुरशी. डागाची कड तेलकट, पाणी मुरल्यासारखी दिसत असेल आणि डाग शिरांना अडून कोनाकोनाचा झाला असेल तर जिवाणू.

सुरुवात दोन्हीत सारखी. डागाळलेली पानं देठासकट कापून पिशवीत बंद करून टाका, कुंडीत पडू देऊ नका. ती कुंडी बाकी झाडांपासून वेगळी करा. पाणी थेट मातीत घाला, पानांवर नको. हे रोग पाण्याच्या शिंतोड्यांनी आणि ओल्या हातांनी पसरतात, पान रात्रभर ओलं राहिलं की त्यांचं फावतं. पानांमध्ये हवा खेळू द्या. दोन पानांपुरतं असेल तर इथेच थांबतं. नव्या पानांवर डाग येत राहिले तर कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचं बुरशीनाशक) 50 टक्के, लिटरला अडीच ग्रॅम, घराबाहेर नेऊन, हातमोजे आणि मास्क घालून फवारा, 10 दिवसांनी पुन्हा. वापरण्याआधी वेष्टनावरच्या सूचना वाचा. तांब्याने बुरशी आटोक्यात राहते, जिवाणूवर जेमतेम. जिवाणूचा डाग खोडापर्यंत गेला तर त्या वेलीचे निरोगी शेंडे कापून नव्याने लावणं शहाणपणाचं.

डाग नुसतेच बारीक, उंचवट्यासारखे, बुचासारखे खरखरीत आणि पानाच्या पाठीवर असतील तर तो रोग नव्हे. मुळांनी पाणी जास्त ओढलं आणि पानाला ते वेळेत बाहेर टाकता आलं नाही की पेशी फुटून तसे फोड येतात. पाण्यातलं अंतर वाढवलं की नव्या पानांवर येत नाहीत.

आणि चंदेरी ओरखडे, त्यांवर काळे टिंब दिसले तर फुलकिडे. तेही पुढे तपकिरी होतात आणि लोक उन्हाचा चटका समजून सोडून देतात.

---

ओला कोपरा

पाण्याची वेळ. कुंडी उचलून बघा. भरपूर पाणी देऊन निथळल्यावर एकदा वजनकाट्यावर ठेवून आकडा कुंडीला चिकटपट्टीवर लिहून ठेवा. पाणी द्यायच्या वेळी ती किती हलकी झाली हे दोन-तीनदा मोजलं की नंतर नुसतं उचलून हाताला कळतं. कोकोपीट वरून सुकलेलं दिसतं आणि आत चिंब असतं, म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. लाकडी काडी तळापर्यंत खोचा, 10 मिनिटांनी काढा, ओल कुठवर लागली ते दिसतं.

पीस लिली आणि कलाथिया: वरचा 1 इंच सुकला की. मनी प्लांट आणि रबर प्लांट: वरचे 2 इंच. ड्रॅसिना: अर्धी कुंडी सुकल्यावर. स्नेक प्लांट, झीझी असेल तर तळापर्यंत पूर्ण सुकल्यावर. आणि देताना मगाने मोजू नका, तळातून पाणी येईपर्यंत द्या, मग बशी रिकामी करा. थोडं थोडं रोज देणं सगळ्यात वाईट, वर चिखल आणि खाली कोरडं राहतं.

उलटी चूकही होते. कोकोपीट पूर्ण वाळलं की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटतं. मग घातलेलं पाणी त्या फटीतून थेट तळाला जातं, बशी भरते, आणि गड्डा आतून कोरडाच. पानं कडेपासून आत कुरकुरीत होत येतात आणि कुंडी उचलली तर खेळण्यासारखी हलकी लागते. अशा वेळी कुंडी पाण्याच्या टबात, पाणी निम्म्या उंचीपर्यंत येईल अशी, 30 मिनिटं ठेवा. वरचा थर ओला दिसला की काढून निथळा.

कोकोपीटच्या विटेबद्दलही सांगतो, कारण टोकं जाण्याचं हे एक लपलेलं कारण आहे. त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असू शकतात. वीट भिजवून फुगली की कापडात घालून पिळा, पुन्हा भिजवा, असं तीन वेळा. पिळलेलं पाणी मीटरने मोजा, नळाच्या आकड्याच्या जवळ आलं की वापरा. पाकिटावर "धुतलेलं" असं लिहिलं असलं तरी मोजाच.

---

मूळरोम

एक भर. कोणतं पान तपकिरी पडतंय हेही बघा. सगळ्यात खालचं एखादं पान महिन्या-दोन महिन्यांनी पिवळं होऊन गळत असेल तर ते वय झालं म्हणून, त्यावर इलाज नको. जुन्या पानांच्या कडा सगळीकडून करपत असतील आणि क्षारांचा आकडा कमी असेल तर पोटॅशियम कमी पडतंय. कोवळं पानच वेडंवाकडं, टोक करपलेलं बाहेर येत असेल तर कॅल्शियम पोचत नाही. बऱ्याचदा ते मातीत असतं, पण मुळं गुदमरलेली असल्याने किंवा हवा फार दमट आणि स्थिर असल्याने वर चढत नाही. म्हणून खत आणण्याआधी मुळं बघा. 10 अंशांखालच्या थंड रात्री काचेला चिकटलेली पानंही पाणी मुरल्यासारखी काळपट होतात, तेव्हा काचेपासून हातभर अंतर ठेवा.

आता जुनी पानं बघत बसू नका, त्यांत सुधारणा दिसणार नाही. प्रत्येक झाडाच्या सगळ्यात नव्या पानाच्या देठाला सैल दोरा बांधा आणि त्यानंतर येणारीच पानं तपासा. पीस लिलीला नवी मुळं फुटायला तीन-चार आठवडे लागतील, तोवर ती मलूल दिसली तरी काडी खोचून बघितल्याशिवाय पाणी घालू नका. ड्रॅसिना सावकाश वाढतो, त्याला दोन-तीन महिने द्या. दोऱ्यानंतरचं तिसरं पान पूर्ण उघडल्यावरही टोक गेलं तर पाणी बदला, आणि तळातून आलेल्या पाण्याचा नवा आकडा इथे लिहा.